कापडी बाहुल्या आणि रोजचा स्वयंपाक, एका खोलीत दोन्ही जमतं का?

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये, दोन्ही वेळचा स्वयंपाक सांभाळून कापडी बाहुल्या बनवून विकणं जमेल का, आणि नेमकं अडतं कुठे. मी भांडुपला अशाच घरात ९ वर्षं हे करतेय. वेळ पुरत नाही म्हणून अडत असेल असं तुम्हाला वाटत असणार. मलाही वाटायचं. खरी अडचण हळदीची.

दुसऱ्या वर्षी, जुलैत, एका डोहाळजेवणासाठी ६ बाहुल्या करायच्या होत्या. एकीचे डोळे दोऱ्याने भरून झाले, मधेच उठून आमटीला फोडणी दिली, हात धुतले, पुसले, परत बसले. बाहुलीच्या गालावर माझा अंगठा उमटला. नुसती पिवळट छटा होती, पण घाईघाईने साबण लावला आणि डाग लाल झाला! हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं हे लहानपणापासून माहीत, पण ऐन वेळी सुचलं नाही. हळदीचा डाग उन्हात विरतो म्हणतात, ते खरंही आहे. पण जुलैत मुंबईत ऊन आणायचं कुठून? मुंडकं उसवलं आणि नवीन केलं.

तेव्हापासून चेहरे भरायच्या दिवशी घरात बिनहळदीचं शिजतं. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात आणि दाण्याची आमटी, नाहीतर सरळ दहीभात किंवा भाकरी-दही-शेंगदाण्याची चटणी. बरेचदा उपासाचं जेवण, उपास नसताना. शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की मी फार देवभोळी आहे. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालते, त्याच वेळी बादलीत मांजरपाट, म्हणजे बाहुलीच्या अंगाचं कोरं सुती कापड. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. न भिजवता बाहुली शिवली तर पहिल्या धुण्यात कापड आटतं आणि शिवण ओढली जाते.

बाकीच्या दिवशी नेहमीसारखं वरण-भात, पिठलं, उसळ. त्या दिवसांत कापणं, शिवणं, आत फायबर भरणं, केस लावणं चालतं. रविवारी बोंबील तळायचे असतील तर बाहुलीच्या केसांची लोकर आधी घट्ट झाकणाच्या डब्यात. लोकरीत शिरलेला वास जाता जात नाही, आणि बाहुली हातात घेतली की मुलं पहिल्यांदा तिचा वासच घेतात.

आता बाहुलीतल्या अडचणी. सगळ्यात छळते ती मान. डोकं जड, मान बारीक, त्यामुळे आठवड्याभरात मान पडते. काही जणी आत काडी घालतात. शोभेच्या बाहुलीला ते ठीक आहे, खेळायच्या बाहुलीत मी कधीच घालत नाही. मान थोडी रुंद कापा आणि फायबर चिमटी-चिमटीने, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबत भरा, अगदी दगडासारखी घट्ट होईपर्यंत. मोठा गोळा एकदम कोंबला की गाठी होतात. कापूस टाळा. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि आतून कुबट वास सुटतो. पॉलिएस्टरचं फायबर ओल धरत नाही, बाहुली धुतली तरी वाळते.

हात-पाय उलटवण्याआधी वळणांवर शिवणीपर्यंत छोटे कट मारा, नाहीतर अंगठ्याच्या जागी चुण्या पडतात. डोळे मी भरलेल्या डोक्यावरच करते आणि दोऱ्याची गाठ केसांखाली जाईल तिथून सुई घालते. दोन्ही डोळे सारखे यायला मला वर्ष लागलं. अजूनही एखादी तिरळी निघतेच, ती माझ्या कपाटावर बसते. नऊवारी नेसवायची तर लाल-हिरवं कापड आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग सुटला तर चेहऱ्यापर्यंत पोचतो. साड्यांसाठी विकत काही घेऊ नका, गल्लीतल्या शिंप्याकडे ब्लाउजची कातरणं मागा. मांजरपाटासाठी मात्र मंगळदास मार्केटची फेरी होते.

बारा इंची बाहुलीला माझे ८ तास जातात. मी ७०० रुपये सांगते आणि "अहो, ट्रेनमध्ये दीडशेला मिळते" हे ऐकून घेते. भाव कमी करत नाही, फार तर एक जादा साडी देते.

विकायला बसण्याआधी एक काम करा. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्राचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यामुळे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट दिलेली आहे, म्हणून ते कारागीर ओळखपत्र आधी काढा. आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाहुलीला मणी, बटणं, नथ काही लावू नका, सगळं दोऱ्याने भरा. आई-बाप नथीचा हट्ट धरतात. मी सोनेरी दोऱ्याची भरून देते.

सुरुवातीला एकच बाहुली करा, तीही घरातल्या मुलासाठी. महिनाभर तिला खेळू दे, आपटू दे. मग शिवण कुठे सुटली ते बघा आणि कळवा.