एस्टेट सेलमधलं ऑइल पेंटिंग आणि लिलावातले भाव

प्रश्न: नमस्कार, आम्ही न्यू जर्सीला राहतो. इथल्या एका एस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं माणूस गेल्यावर सामान विकायला काढतात ना तिथे, मी फुलांचं एक छोटं ऑइल पेंटिंग घेतलं, अगदी स्वस्तात. कोपऱ्यात ‘एम. जे. हीड’ अशी सही वाटतेय. नेटवर या चित्रकाराचे लिलावातले भाव बघितले तर एकाचा दुसऱ्याशी मेळच नाही. काय समजायचं? चित्र काळपट झालंय, आमचे हे म्हणतात आधी साफ करून नवी फ्रेम लाव आणि मग विकायचं बघू.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: ताई, आधी शेवटचं सांगते कारण तिथे घाई केली तर नुकसान भरून निघत नाही. चित्राला हात लावू नका. काळपटपणा बऱ्याचदा जुन्या व्हार्निशचा असतो, तो काढणं हे पेंटिंग कॉन्झर्वेटरचं, म्हणजे जुनी चित्रं जतन आणि दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं काम, घरी काहीतरी लावून पुसलं तर रंगाचा वरचा पातळ थर जातो, कधी सहीसुद्धा जाते. जुनी फ्रेम, मागची लेबलं, शिक्के, खडूने लिहिलेले आकडे, सगळं आहे तसंच राहू दे.

आता हीड. मार्टिन जॉन्सन हीड, १८१९ ते १९०४, पेनसिल्व्हेनियातल्या लम्बरव्हिलचा. दलदलीतली गवताची कुरणं, समुद्रावर चढून येणारं वादळ, ब्राझीलला जाऊन रंगवलेले हमिंगबर्ड, आणि १८८३ ला फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला राहायला गेल्यावर मखमलीवर आडवी ठेवलेली मॅग्नोलियाची फुलं. काय सुंदर आहेत ती! पण तो वारल्यावर लोक त्याला विसरलेच, १९४० च्या दशकात परत लक्ष गेलं, तोवर चित्रं कुणाकुणाच्या घरात पडून राहिली.

म्हणूनच १९९६ ला अ‍ॅरिझोनात टूसॉनला जे झालं ते झालं. एका मृत बाईंच्या सामानाच्या विक्रीत दोन ऑइल पेंटिंग्ज मिळून ६० डॉलरला गेली. किंमत लावायला बोलावलेल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं की मी फाइन आर्टचं मूल्यांकन करत नाही, तरी पुढे कुणी विचारलं नाही. घेणाऱ्या जोडप्याने नंतर पुस्तकातल्या सहीशी सही ताडून बघितली, न्यू यॉर्कला क्रिस्टीज या लिलाव करणाऱ्या कंपनीला फोटो पाठवले, आणि ती निघाली हीडची, एक मॅग्नोलियाचं आणि एक ‘चेरोकी रोझ’ गुलाबांचं. लिलावात दोन्हींचे मिळून १०,७२,००० डॉलर. वारसांच्या बाजूने खटला झाला, पण २००० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की आपली माहिती अपुरी आहे हे ठाऊक असून विकलंत, तर जोखीम तुमची.

याच केसमध्ये तुमच्या भावांच्या गोंधळाचं एक उत्तर आहे. दहा लाख बहात्तर हजारांतून त्या जोडप्याच्या हातात आले ९,११,७८०. हातोडा पडतो तो आकडा, म्हणजे हॅमर प्राइस, वेगळा, त्यावर खरेदीदार लिलाव करणाऱ्या ऑक्शन हाउसला प्रीमियम म्हणून जास्तीची रक्कम देतो, तो मोठ्या हाउसेसमध्ये २० टक्क्यांच्या पुढे जातो, वर विकणाऱ्याकडूनही कमिशन कापलं जातं. नेटवर काही ठिकाणी प्रीमियम धरून भाव देतात, काही ठिकाणी नुसता हॅमर प्राइस, आणि एस्टिमेट म्हणजे तर फक्त अंदाज. त्यात हीडची मॅग्नोलिया एका भावाने जाणार आणि साधं लहान लँडस्केप पार वेगळ्या, त्यामुळे सरासरी काढून काही हाती लागत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नावाच्या आधी काय लिहिलंय ते वाचा, नुसतं नाव म्हणजे हाउस म्हणतंय चित्र त्याचंच, ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचं, ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या धाटणीचं, कुणा दुसऱ्याचं. आणि सही तर कुणीही मागाहून घालू शकतो.

तर आता करायचं काय? दिवसाच्या उजेडात पुढून, मागून आणि सहीचे जवळून फोटो काढा, मापं लिहा आणि अमेरिकन पेंटिंग्जचा वेगळा विभाग असलेल्या एकदोन ऑक्शन हाउसेसना पाठवा, प्राथमिक अंदाज बहुतेक ठिकाणी फुकट देतात. थिओडोर स्टेबिन्स यांनी हीडच्या माहीत असलेल्या सगळ्या चित्रांचा कॅटलॉग केलाय, २००० ची आवृत्ती मोठ्या लायब्ररीत मिळेल, तुमचं चित्र त्यात आहे का बघा. नसलं तरी लगेच खोटं ठरवू नका, टूसॉनची ती दोन चित्रंही कुणाच्या लक्षात नव्हतीच. फक्त घरी येऊन ‘आत्ता कॅश देतो’ म्हणणाऱ्याला, हे उत्तर येईपर्यंत, चित्र देऊ नका. सेलची पावती असेल तर तीही फोटोंसोबत पाठवा.