घरावर बँकेची नोटीस आली, तर वकील कसा निवडावा

बाळा,

चांगल्या वकिलाचं नाव कळवा, असं तू लिहिलंस. त्याआधी घरी आलेला कागद पुन्हा वाच. कर्ज कोणाचं आणि नोटीस कुठल्या कलमाची, यावर वकील ठरतो.

कर्ज बँकेचं असेल, अगदी नागरी सहकारी बँकेचंही, किंवा गृहवित्त कंपनीचं असेल, तर बहुधा २००२ चा सरफेसी कायदा लागतो, म्हणजे कोर्टात दावा न लावता तारण मिळकतीचा ताबा घेऊन ती विकण्याचा बँकेला हक्क देणारा कायदा. पुढची कलमं त्याचीच. पतसंस्थेची वाट वेगळी. तिथे महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा सहकार खात्याचा हुकूम, निघतो. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीचा अर्ज, करायचा तर येणे रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. त्यासाठी सहकार खात्यात रोज कामं करणारा वकील लागतो, आणि असे वकील जळगाव-धुळ्यात सहज मिळतात.

तुमची नोटीस बँकेची आहे असं धरून पुढचं लिहितो. कलम १३(२) ची मागणी नोटीस ६० दिवसांची असते. या मुदतीत लेखी हरकत दिली, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. खातेउताऱ्यातली चूक, भरलेले पण जमा न दाखवलेले हप्ते, जादा लावलेलं व्याज हे सगळं याच हरकतीत यायला हवं. बहुतेक घरं हे ६० दिवस मॅनेजरशी तोंडी बोलण्यात घालवतात, आणि नंतर दाखवायला हातात एक कागद नसतो. हरकत घाईत, मोघम लिहू नका. पुढे सगळं भांडण तिच्यावरच उभं राहतं.

त्यानंतर कलम १३(४) ची ताबा नोटीस दारावर चिकटते. तिथून ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करायचा. आपल्या खान्देशासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे. नुसत्या मागणी नोटिशीवर तिथे अर्ज चालत नाही. गावातल्या दिवाणी कोर्टात दावा लावून ‘स्टे आणून देतो’ असं कोणी म्हणालं, तर तिथून उठ. कलम ३४ ने दिवाणी कोर्टाला या बाबतीत मनाई आहे. असा दावा फेटाळला जाईपर्यंत ४५ दिवस उलटून जातात. कलेक्टर आपलं ऐकतील, या भरवशावरही राहू नका. बँकेच्या अर्जावर ते कलम १४ खाली ताब्याचा आदेश काढतात, त्यात कर्जदाराची सुनावणी नसते.

म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचार: संभाजीनगरला कलम १७ चे अर्ज तुम्ही स्वतः चालवलेत का? एखाद्याचा क्रमांक माग. मग विचार की तारखेला उभं कोण राहणार. जळगावचा वकील कागद तयार करील आणि संभाजीनगरचा युक्तिवाद करील, अशी जोडी चालते, पण दोघांची फी आधी वेगवेगळी लिहून घे. तिसरा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, तू संकोचू नकोस: याच बँकेच्या पॅनलवर, म्हणजे तिची कामं करणाऱ्या वकिलांच्या यादीत, तुम्ही आहात का? जिल्ह्याच्या ठिकाणी हे पुष्कळदा असतं.

फी ठरवताना मसुदा, कोर्ट फी, प्रवास आणि पुढचं अपील यांचा हिशेब निरनिराळा कर. डीआरटीत कर्जदाराला १० लाखांच्या आतल्या येण्यावर लाखामागे ५०० रुपये, आणि १० लाखांवर ५००० अधिक पुढच्या प्रत्येक लाखाला २५० रुपये कोर्ट फी पडते. म्हणजे १८ लाखांच्या येण्यावर ७००० रुपये. पैसे खात्यावर दे, पावती घे, कोऱ्या वकीलपत्रावर वडिलांची सही देऊ नका. ‘लिलाव थांबला तर इतके टक्के’ असा सौदा वकिलाला नियमाने करता येत नाही. जो करतो तो बहुधा दलाल असतो. सनद नंबर, म्हणजे वकिली परवान्याचा क्रमांक, माग आणि बार काउन्सिलकडे पडताळून घे.

पहिल्या भेटीला मंजुरीपत्र, करारनामा, पूर्ण खातेउतारा, हप्त्यांच्या पावत्या, मिळकतपत्रिका किंवा सातबारा, आणि प्रत्येक नोटीस पाकिटासकट ने. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याने मुदत मोजता येते. मूळ कागद घरी ठेव, प्रती दे. घर मळ्यात असेल, जमीन अजून शेतीची असेल आणि ती खरोखर कसली जात असेल, तर ते पहिल्यांदा सांग. शेतजमिनीवर सरफेसी लागू होत नाही. रावेर-यावलकडे हा मुद्दा फार मोलाचा ठरू शकतो.

पैशाची सोयही आत्ताच बघा. स्थगिती देताना डीआरटी बहुधा काही रक्कम भरायला सांगतं, आणि ती न भरल्यास स्थगिती जाते. संपूर्ण येणं भरून घर सोडवायचं असेल, तर ते लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी भरावं लागतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर जाहिरात निघाली की कलम १३(८) चा तो हक्क संपतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. घर आईच्या नावावर असेल किंवा ती सहकर्जदार असेल, तर अर्ज तिच्या नावाने कर. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हे याच आठवड्यात उरकून घे, आणि नोटीस कुठल्या तारखेला हातात पडली ते मला उलट टपाली कळव.