साइटवर नेण्यासाठी मायटर सॉ: साधा 10 इंची घ्यावा की स्लायडिंग?

तुम्ही विचारलंय की सातारा-कऱ्हाड भागात फ्लॅट-बंगल्यांची सुतारकामं घेता, मशीन गाडीवर टाकून रोज न्यावं लागतं, तर साधा मायटर सॉ (लाकूड सरळ किंवा कोनात कापणारं मशीन) घ्यावा की स्लायडिंग (ज्याचं पातं रॉडवर पुढे-मागे सरकतं). मी सांगली-मिरजेत हेच काम करतो. माझं मत विचाराल तर साधा 10 इंची (म्हणजे पात्याचा व्यास) घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगलं पातं घ्या.

स्लायडिंगमध्ये जादा पैसे जातात ते रुंदीसाठी. 8 इंची पात्याचं स्लायडिंगसुद्धा 300 मिमीच्या आसपास रुंद फळी कापतं, साधं 10 इंची 130-140 मिमीवर थांबतं. पण रुंद माल आपल्याकडे बहुतेक प्लायचा, आणि तो सर्क्युलर सॉने पट्टी लावूनच कापला जातो. मायटरवर येतं काय? बीडिंग, लिपिंग (प्लायच्या कडेला लावायची लाकडी पट्टी), स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी), चौकटीचं लाकूड. पाच बाय अडीच इंचाची चौकट साध्या 10 इंचीवर एका दमात सरळ कापली जाते. तीन इंच जाडी असेल तर पलटी मारून दोनदा कापायची. 4 इंची स्कर्टिंग 45 अंशात उभी बसत नाही म्हणून काही जण मोठं मशीन घेतात. ती आडवी ठेवा आणि मशीनचं डोकं कलतं करा, काम होतं.

वजनाचंही बघा. मकिताचं एलएस 1040 हे या वर्गातलं जुनं मशीन, 1650 वॅट, 11 किलो. 10 इंची स्लायडिंग बहुतेक वीस किलोच्या आसपास किंवा वर जातं. लिफ्ट सुरू न झालेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते कोण चढवणार, हे आधी ठरवा. शिवाय बऱ्याच स्लायडिंग मशीनचे रॉड मागे सरकतात, त्यामुळे भिंतीला चिकटून मांडता येत नाही.

दुकानात कापायची रेघ दाखवणारा लेझर दाखवतील. त्याकडे फार लक्ष देऊ नका, कोन महत्त्वाचा. गुण्या सोबत न्या आणि पातं टेबलाशी आणि मागच्या फेन्सशी (लाकूड टेकवायची उभी पट्टी) काटकोनात आहे का ते तपासा. मग एक सरळ पट्टी 90 वर कापून घ्या, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही तुकडे फेन्सला टेकवून कापलेली तोंडं जुळवा. जी फट दिसेल ती चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे अर्ध्या अंशाचा फरकही लपत नाही. थोडा फरक सेटिंगच्या बोल्टने निघतो. पण डोकं खाली दाबून आडवं हलवल्यावर सांध्यात खेळ जाणवला तर ते मशीन ठेवून द्या, तो बोल्टने जात नाही.

पात्याला बीडिंग-मोल्डिंगसाठी 60 दात बरे. दातांचा कल कमी किंवा उलटा असलेलं मायटरचंच पातं मागा. टेबल सॉचं पातं बसलं तरी लावू नका, ते तुकडा उचलून ओढतं. अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं काम घेत असाल तर 100-120 दातांचं वेगळं ठेवा. मधलं भोक 25.4 मिमी की 30, हे पातं घेण्याआधी मशीनवर बघा.

विजेचं मात्र साइटवर सगळ्यांचं दुखणं. 1650 वॅटचं मशीन चालताना सात अँपिअरच्या आसपास घेतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. 6 अँपिअरच्या पॉइंटवर ते लावू नका. एक्स्टेंशन 2.5 स्क्वेअर मिमी तांब्याचं घ्या आणि रीळ पूर्ण सोडून वापरा. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर कण्हत फिरते आणि शेवटी जळते. पाचगणी-महाबळेश्वरकडे जनरेटरवर काम असेल तर आधी त्याची क्षमता विचारा, दोन केव्हीएवालं हे मशीन उचलेल याचा भरवसा नाही. बॅटरीचं मशीन तिथेच परवडतं, आणि तेही तुमच्या ड्रिलच्याच बॅटऱ्या त्याला चालत असतील तर.

आणि हो, साइटवरचा फॅब्रिकेटर दगडी चाक घेऊन ‘दोनच पाइप कापतो’ म्हणत आला तर मशीन देऊ नका. भुशाच्या पिशवीत ठिणगी गेली की पेट घेते. लोखंडाला 14 इंची चॉप सॉ असतो, त्याने त्याचा आणावा.