रब्बी कांद्याच्या माना जाड राहतात आणि साठवणीच्या चाळीत कांदा टिकत नाही, खत कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा चूक युरियाच्या तारखेत असते. कांदा फुगायला लागला, पात जराशी फिकी दिसली की हात आपोआप गोणीकडे जातो. पण लागवडीनंतर 60 दिवसांपुढे दिलेलं नत्र (युरियातला नायट्रोजन) पातच वाढवत बसतं. मान जाड राहते, नीट मिटत नाही. तिथूनच बुरशी आत शिरते आणि चाळीत सड सुरू होते. काही कांदे कोंब काढतात ते वेगळंच. नत्राचा अर्धा हिस्सा लागवडीला, उरलेला 30 आणि 45 दिवसांनी द्या. मग गोणी शिवून ठेवा!

दुसरी गोष्ट गंधकाची. कांद्याचा तिखटपणा आणि डोळ्यांतलं पाणी गंधकाच्या संयुगांमुळेच येतं. पूर्वी सुपर फॉस्फेट टाकायचो, त्यातून स्फुरदाबरोबर (फॉस्फरस) 11-12 टक्के गंधक फुकटात मिळायचं. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट खत) आलं आणि ते बंद झालं, कारण डीएपीत फक्त 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद. म्हणून एक तर सुपर फॉस्फेटकडे परत या, नाहीतर गंधक वेगळं द्या. दाणेदार गंधक असेल तर लागवडीआधीच मातीत मिसळा. जमिनीतल्या जिवाणूंनी त्याचं सल्फेट केल्याशिवाय मुळांना ते घेता येत नाही, आणि त्याला काही आठवडे लागतात. जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) असेल तर जिप्सम बरं, त्यातही गंधक असतं, पण आधी माती परीक्षण करून घ्या.

शेणखत मात्र कुजलेलंच हवं. कच्च्याने हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही घरी येतात.