किल देऊनही प्रोसेस का मरत नाही?

प्रश्न : माझा लिनक्स ड्रायव्हर दोन लॉकांच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपांच्या) मध्ये अडकतो. 'किल -९' (प्रोसेस जबरदस्तीनं बंद करायची आज्ञा) दिलं तरी प्रोसेस हलत नाही. काय करू, सर?
– एक विद्यार्थी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : 'पीएस'मध्ये (चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत) त्या प्रोसेससमोर 'डी', म्हणजे सिग्नलनं न मोडणारी झोप, दिसत असेल बघ. साध्या 'म्यूटेक्स_लॉक'वर (लॉक मागणाऱ्या कर्नलच्या फंक्शनवर) झोपलेली प्रोसेस सिग्नलनं उठत नाही, आणि 'किल' हाही सिग्नलच. शेजारचे माग रात्री थांबले तरी मी त्या 'डी'कडे बघत बसलो होतो, शेवटी मशीन रीस्टार्ट केलं. तू 'म्यूटेक्स_लॉक_इंटरप्टिबल' वापर. सिग्नल आला की ते उणे 'ईइंटर' ('मध्येच सिग्नल आला' सांगणारा त्रुटी-कोड) परत देतं. तो परतावा तपासच, बाळा! लॉक मिळालेलाच नसतो. आधी घेतलेला पहिला लॉक सोडून बाहेर ये. फक्त जीवघेण्या, म्हणजे प्रोसेस मारणाऱ्या, सिग्नललाच उठायचं असेल, तर 'किलेबल' प्रकार आहे. पण मूळ दुखणं क्रमाचं, दोघांनी उलट्या क्रमानं लॉक घेतले की दोघंही एकमेकांची वाट बघत अडकतात: दोन्ही लॉक सगळीकडे एकाच क्रमानं घे. 'लॉकडेप' (कर्नलमधला लॉकांचा क्रम तपासणारा तपासनीस) चालू केलंस तर उलटा क्रम तो दाखवतो.