व्हायरस मवाळ होतो म्हणून गोळी थांबवायची का?

प्रश्न: ताई, लालबागहून लिहितेय, नाव छापू नका. माझा धाकटा भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, सात वर्षं गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत, रोज लोकलने नोकरीला जातो. गेल्या आठवड्यात त्याला व्हॉट्सअॅपवर कोणीतरी मेसेज पाठवला की माणसाच्या डीएनएत ८ टक्के व्हायरसच आहे, हे व्हायरस नसते तर आईच्या पोटात बाळ वाढलंच नसतं, आणि रेट्रोव्हायरस हळूहळू माणसाशी जुळवून घेतो मग त्रास देत नाही, कोरोना नाही का नरम पडला. तेव्हापासून त्याने गोळ्या बंद केल्यात, आज पाचवा दिवस. म्हणतो शरीर आणि व्हायरस आपलं आपण बघून घेतील. मला यातलं काही कळत नाही म्हणून वाद घालता येत नाही. खरं काय आहे?

उत्तर: अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती म्हणून तुम्हाला आधीच ईमेल केला होता, की त्याला उद्याच त्याच्या एआरटी सेंटरला, म्हणजे जिथून तो एचआयव्हीच्या गोळ्या घेतो तिथे, घेऊन जा आणि किती दिवस गोळ्या चुकल्या ते खरं सांगा, तिथले लोक रागावायला बसलेले नसतात. आता बाकीचं नीट सांगते, कारण असा मेसेज एकट्या तुमच्या भावाला आला असेल असं मला वाटत नाही.

त्या मेसेजचं पहिलं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे. आपल्या पेशीत कारभार असा चालतो की डीएनएवरून आरएनए, म्हणजे त्याची कामापुरती नक्कल, बनतो. रेट्रोव्हायरस, एचआयव्ही त्यातलाच, उलटं करतो, आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो आपल्या डीएनएत घुसवून टाकतो, एखाद्या पोथीत कोणी आपलं पान शिवून द्यावं तसं. हे उलटं काम करणारं एन्झाइम १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करत असताना शोधलं, १९७५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता हे पान रक्तातल्या पेशीत शिवलं गेलं तर त्या माणसाबरोबर संपतं. पण कधीतरी ते स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत शिवलं जातं, त्यातून मूल होतं, मग त्या मुलाच्या प्रत्येक पेशीत ते पान असतं, त्याच्या मुलांच्याही. कोट्यवधी वर्षांत असं कितीदा तरी झालं आणि त्याचीच बेरीज ते ८ टक्के. आपली प्रोटीन बनवणारी जीन्स दोन टक्केसुद्धा भरत नाहीत, त्यापुढे हा आकडा बघा. बहुतेक पानं आता फाटलेली आहेत, त्यातून जिवंत व्हायरस बाहेर येत नाही. आणि त्यातली बरीचशी चिंपांझीच्या डीएनएतही अगदी त्याच जागी सापडतात, म्हणजे ती आपल्या दोघांच्या सामाईक पूर्वजाच्या वेळचीच आहेत.

बाळाचं वाक्यही खरं आहे, आणि मला ही गोष्ट शिकवताना दरवेळी अंगावर काटा यायचा. अशा व्हायरसला पेशीत शिरायला आपलं आवरण पेशीच्या आवरणात मिसळवावं लागतं, त्यासाठी त्याच्याकडे एक प्रोटीन असतं. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या डीएनएत शिरलेल्या एका रेट्रोव्हायरसचं हे प्रोटीन आपल्याकडे शाबूत राहिलं, त्याला सिन्सिटिन म्हणतात, २००० साली ते उजेडात आलं. आईच्या पोटात वार तयार होते तेव्हा तिच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एकमेकींत विरघळून एक सलग पडदा होतो, ज्यातून बाळाला अन्न आणि ऑक्सिजन मिळतो, आणि त्या पेशी जोडायचं काम हे प्रोटीन करतं. उंदरांमध्येही हेच काम व्हायरसकडून आलेली प्रोटीन्स करतात, पण ती दुसऱ्याच व्हायरसची, म्हणजे निसर्गाने ही उसनवारी एकदा नाही तर अनेकदा केलीय.

मग मेसेजमध्ये काय गाळलंय? गाळलंय ते हे, की किंमत कोणी मोजली. आपल्या डीएनएत जगले वाचले त्यांचीच नोंद आहे, जे या व्हायरसांच्या साथींत मेले त्यांचा वंशच पुढे आला नाही मग त्यांची नोंद कुठे सापडणार. हे किती वाईट असतं ते बघायचं तर ऑस्ट्रेलियातल्या कोआलांकडे बघा. त्यांच्यात एक रेट्रोव्हायरस आत्ता आपल्या डोळ्यांदेखत वंशात शिरतोय, उत्तरेकडच्या क्वीन्सलँडमधल्या जवळजवळ सगळ्या कोआलांत तो आहे, आणि त्यांना ल्युकेमिया, लिम्फोमा असे रक्ताचे आणि गाठींचे कॅन्सर होतायत. जुळवून घेणं म्हणतात ते सुरुवातीला असं दिसतं.

एचआयव्हीचं बघा. तो कॅमेरूनमधल्या चिंपांझींकडून माणसात आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या किन्शासा शहरातून पसरला. म्हणजे शंभरेक वर्षं, माणसाच्या चार-पाच पिढ्या. सूटी मँगबी नावाचं पश्चिम आफ्रिकेतलं माकड अशाच व्हायरससोबत राहतं, रक्तात व्हायरस भरपूर तरी सहसा आजारी पडत नाही, हे खरं. पण माकडांमधला हा व्हायरस किमान ३२ हजार वर्षं जुना आहे, तेवढा वेळ तुमच्या भावाकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. शिवाय एवढं होऊनही चिंपांझी त्यांच्यातल्या या व्हायरसने आजारी पडतातच. आणि मवाळ होण्याची एचआयव्हीला घाई कसली? उपचार न घेतलेला माणूस साधारण आठ-दहा वर्षांनी एड्सपर्यंत पोचतो, तोपर्यंत व्हायरस पुढच्या माणसात गेलेला असतो, मागच्याचं काय झालं याने त्याला फरक पडत नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये एचआयव्हीचा असा एक प्रकार सापडल्याचं जाहीर झालं जो आधीपेक्षा जास्त जहाल निघाला. कोरोना तर रेट्रोव्हायरसच नाही, तो आपल्या डीएनएत पान शिवून बसत नाही, आणि तो सोपा झाला त्यात लसीमुळे आणि होऊन गेलेल्या इन्फेक्शनमुळे आलेल्या प्रतिकारशक्तीचा मोठा वाटा आहे.

आपलं शरीर गप्प बसलेलं नाही हेही सांगते. ट्रिम फाइव्ह अल्फा नावाचं एक प्रोटीन आत आलेल्या व्हायरसला लगेच धरतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दिसणारं लाल तोंडाचं माकड, ऱ्हीसस, त्याचं हे प्रोटीन एचआयव्हीला अडवतं, आपलं जवळजवळ नाही, आणि प्रयोगशाळेत आपल्या प्रोटीनमधलं एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनच्या माळेतला एकच मणी, बदललं तर तेही अडवायला लागतं! दुसरं प्रोटीन अपोबेक थ्री जी, ते व्हायरसची अक्षरं बिघडवून टाकतं, तर एचआयव्हीकडे व्हिफ नावाचं प्रोटीन आहे जे या अपोबेकलाच मोडीत काढायला लावतं. उंदराकडे या घराण्याचं एक जीन, आपल्याकडे सात, यावरूनच कळतं आपल्या पूर्वजांनी काय काय सोसलंय.

आता भावाला हे सांगा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. व्हायरसची उत्क्रांती लाखो वर्षांतच होते असं नाही, ती त्याच्या शरीरात दोन-चार आठवड्यांत होऊ शकते. उपचार नसताना रोज १००० कोटींच्या आसपास नवे व्हायरस तयार होतात, आणि नक्कल करणारं ते एन्झाइम चुका करतं पण तपासून दुरुस्त करत नाही, त्यामुळे त्या गर्दीत कुठला ना कुठला व्हायरस एखाद्या औषधाला न जुमानणारा निघतोच. म्हणून १९९६ पासून तीन औषधं एकत्र देतात, तिन्हींना एकाच वेळी चुकवणं व्हायरसला फार अवघड जातं. गोळी नियमित असेल तर नकला निघत नाहीत, नकला नाहीत तर चुका नाहीत, मग निवड कशातून होणार? पण गोळी मध्येच थांबली की तिन्ही औषधं रक्तातून एकाच वेगाने उतरत नाहीत, एखादं एकटंच रेंगाळतं, आणि त्या एकट्याला चुकवणारा व्हायरस पुढे येतो. आणि व्हायरस संपलेला नसतो, काही पेशींत ते शिवलेलं पान झोपून असतं जिथे औषध पोचून उपयोग होत नाही, म्हणून गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत व्हायरस परत दिसायला लागतो. तो ठणठणीत आहे तो शरीराने तह केला म्हणून नाही, सात वर्षं रोज गोळी घेतली म्हणून.

सेंटरला व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात किती व्हायरस आहे त्याची, टेस्ट कधी करायची ते विचारा, आधीचा रिपोर्ट सोबत न्या. सरकारी सेंटरवर २००४ पासून औषधं फुकट मिळतात आणि टेस्टचेही पैसे लागत नाहीत. रात्री-बेरात्री शंका आली तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे, मराठीतही बोलतात. आणि रिपोर्टमध्ये व्हायरस सापडत नाही अशी अवस्था टिकली तर लैंगिक संबंधातून त्याच्याकडून दुसऱ्याला एचआयव्ही जात नाही, ही गोष्ट त्याला माहीत आहे का ते विचारा, अनेकांना सात-आठ वर्षांनीसुद्धा कोणी सांगितलेली नसते.