हजिरा–घोघा फेरीत वयस्कर आईला बोट लागेल का?

धुळ्याहून गाडीने पालिताण्याला जायचंय, सोबत सत्तरीची आई, तर सुरतजवळच्या हजिऱ्याहून रो-रो फेरी, म्हणजे गाडीसकट माणसं नेणारी बोट, घ्यावी की बडोद्यावरून रस्त्याने जावं, असं तुम्ही विचारलंय. फेरीच घ्या. रस्त्याने हजिरा ते भावनगरजवळचं घोघा 370 किलोमीटर, पाण्यातून 90. खंभातच्या आखाताला अख्खा वळसा कशाला घालायचा?

आमचे दाजी मात्र याच्यावर अडून बसले होते. ते ठाण्याला असतात, एकदा मुंबई–गोवा क्रूझ करून आलेत. तेव्हापासून सातबाऱ्यावर समुद्र त्यांच्याच नावाने लागलाय. म्हणे, "ती ट्रकांची बोट, आईंना झेपायची नाही. आणि तुम्ही काळ्या मातीतली माणसं, तुम्हाला समुद्र काय कळतो?" क्रूझ म्हणजे पाण्यावरचं मंगल कार्यालय, हे माझं मत मी तिथंच सांगितलं. ताई चार दिवस बोलली नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. आई दर महाशिवरात्रीला तापीकाठच्या कपिलेश्वराच्या देवळात जाणारी, तापीत हातपाय धुतल्याशिवाय न परतणारी. हजिऱ्याला गाडी खालच्या डेकवर लावून वर आलो, तर ती कठड्याला धरून गढूळ पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "हाई आपलीच तापी शे ना रे?" तापी तिथंच समुद्राला मिळते, पण मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. कनवटीचं नाणं काढून तिने पाण्यात टाकलं.

अर्ध्या तासाने जहाज डुलायला लागलं. आईने कळण्याची भाकर अन् ठेच्याची शिदोरी सोडली. त्या लसणाच्या वासानं माझ्या पोटात जे ढवळलं, की पुढचे दोन तास मी बेसिनपाशी. आईच मला लिंबू हुंगायला देत होती.

दाजी अजून प्रत्येक लग्नात विचारतात, "ओकलास ना?" ओकलो. पण वाद आईवरून होता, अन् आई ठणठणीत होती.

हो, एक राहिलं. पावसाळ्यात किंवा हवा बिघडली की फेरी रद्द होते, निघायच्या आधी वेळापत्रक बघा. वेळेच्या बऱ्याच आधी पोचा, गाड्या चढवायला वेळ लागतो. नवापूरला भजी हाणू नका. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, तिने झोप येते. घोघ्याला उतरल्यावर गाडी कोण चालवणार, हे आधी ठरवा.